एक खांब मागे

काका कधी कोणाच्या पुढे चालले नाहीत. लिफ्टचं दार उघडलं की ते बाजूला सरकून उभे राहायचे आणि सगळे बाहेर पडेपर्यंत थांबायचे. सिंगापूरच्या टॅम्पिनीसमधल्या आमच्या ब्लॉकची लिफ्ट जुनी होती, दार फार वेळ उघडं राहत नसे. त्यामुळे पुष्कळदा काका आत असतानाच दार मिटायचं आणि ते पुन्हा वर जायचे. नवव्या मजल्यावरच्या मलय बाईंना याची सवय झाली होती. लिफ्ट उघडून आत काका दिसले की त्या म्हणायच्या, "अंकल, स्टिल हिअर?" काका म्हणायचे, "आफ्टर यू." खाली पोचल्यावर पुन्हा तेच.

ते आमच्या वरच्या मजल्यावर, मुलाकडे राहत. मुलाच्या सांगण्याप्रमाणे ते पासष्टचे होते, स्वतःच्या सांगण्याप्रमाणे सहासष्टचे. त्यांचा जन्म केनियातला, न्येरी नावाच्या गावाजवळचा. वडील तिथे सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते आणि मुलाची नोंद त्यांनी सवडीनं केली होती. खरा आकडा कोणता हे मला कळलेलं नाही, म्हणून दोन्ही लिहिते.

माझं मूळ काम आकड्यांचं. पुण्यात मी एका सहकारी बँकेत होते. नवऱ्याला सिंगापूरला नोकरी लागली तेव्हा बँक सोडून डिपेंडंट पासवर इथे आले. दोन हजार चारच्या सुमाराची गोष्ट. नवरा कामासाठी महिन्यातला बराचसा काळ दुसऱ्या देशांत असे, मुलगी शाळेत. दिवसभर घरात मी आणि कपडे वाळत घालायचे बांबू. एकटं वाटतं असं मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. सकाळी खिडकीबाहेर बांबू सरकवताना खाली पाहायचे तेव्हा काका दिसायचे. पांढरा शर्ट, करडी पँट, पायांत नाडीचे काळे बूट. आणि त्यांच्या पुढे कोणीतरी चालत असायचं.

आधी वाटलं योगायोग असेल. पण रोज कोणीतरी पुढे आणि काका मागे, आणि दोघांत नेहमी एका दिव्याच्या खांबाचं अंतर. पुढचा माणूस एका खांबाशी पोचला की काका मागच्या खांबाशी. तो थांबला की काका खाली वाकून बुटाची नाडी बांधायचे.

एकदा जिन्यात भेटले तेव्हा मी म्हणाले, "काका, इथल्या उकाड्यात सगळे सँडल घालतात. तुम्ही बूट कसे घालता?"

"सँडलला नाडी कुठे असते," काका म्हणाले. "नाडी नसेल तर थांबायला निमित्त काय सांगू?"

ते माणसांच्या मागून चालायचे. लपून नाही, पण सांगूनही नाही. त्याचे त्यांचे नियम होते. बाईमाणसाच्या मागून जायचं नाही. शाळेच्या मुलांच्या मागून नाही. घाईत असलेल्याच्या मागून नाही. कोणी एकटं, वयस्कर, हळू चालणारं दिसलं की काका निघत. तो माणूस आपल्या लिफ्टमध्ये शिरला की काकांचं काम संपलं. मग ते परत फिरत, आणि परतीच्या वाटेवर दुसरं कोणी भेटलं तर त्याच्या मागून येत. ब्लॉकमधली मुलं त्यांना फॉलो अंकल म्हणायची. माझी मुलगी घरी येऊन सांगायची, "आई, टुडे फॉलो अंकल वॉज फॉलोइंग द न्यूजपेपर अंकल. सो स्लो, लाइक पार्सल." मी तिला म्हणायचे, मराठीत सांग. ती इथल्या मुलांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणायची, "मराठीत पण स्लोच होता लाह."

लग्नाचीही त्यांची एक गोष्ट होती, सून ती हसून सांगायची. सप्तपदीच्या वेळी नवरदेव मागे राहिले आणि नवरीला पुढे केलं. भटजी म्हणाले, "अहो, ही देवळातली रांग आहे का?" पुढे पुण्यात आयुष्यभर काकू पुढे आणि काका मागे असे ते चालले. लोकांना वाटायचं काकू तापट असणार. सून म्हणायची, "त्या अगदी गरीब होत्या हो. त्यांना बिचाऱ्यांना मान वळवून वळवून बोलावं लागायचं." काकू गेल्यावर मुलानं त्यांना इकडे आणलं होतं.

आमची खरी ओळख झाली ती पुलाउ उबीनला. शनिवारी पाच-सहा मराठी कुटुंबं मिळून सायकली चालवायला त्या बेटावर जायची. चांगीच्या धक्क्यावरून लाकडी मोटरबोट मिळते, ती बारा माणसं झाल्याशिवाय सुटत नाही. बेटावर उतरलं की सायकली भाड्यानं घ्यायच्या. मला सायकल येत होती, पण शाळेनंतर मी ती चालवली नव्हती. नवरा त्या आठवड्यात बाहेर होता. मुलगी मैत्रिणींबरोबर पुढे निघून गेली आणि मी बघता बघता सगळ्यांच्या मागे पडले.

बेटावर दगडांच्या जुन्या खाणी आहेत, त्यांत आता पाणी भरलंय. अशा एका खाणीच्या चढावर माझी चेन उतरली. मी सायकल आडवी टाकली आणि बसले. पुढे कोणाचा आवाज नव्हता. झुडपात काहीतरी खसफसलं. मी हिशेब केला की माझी आठवण कोणाला येईल, तर ती जेवायला बसताना, ताटं वाढताना. तोवर कोणी मागे वळून पाहणार नाही. पुण्यात असते तर एवढ्यात कोणाचा तरी फोन आला असता. मी रडले नाही, पण रडायच्या बेतात होते, हे खरं.

तेवढ्यात वळणावरून काका आले. सायकल हातात धरून चालत येत होते. तिच्यावर बसले असते तर ते माझ्या पुढे गेले असते.

"चेन उतरली का?" त्यांनी विचारलं आणि रस्त्याकडेची एक काटकी उचलून चेन चढवायला बसले.

"तुम्ही मागे होतात? मला दिसला नाहीत."

"दिसलो असतो तर तू घाई केली असतीस."

"धक्क्यापासून माझ्या मागे आहात?"

"सगळ्यांच्याच मागे होतो. मग सगळे गेले आणि तू राहिलीस."

चेन चढली. त्यांचे हात काळे झाले होते, ते त्यांनी पानांना पुसले. उठायची घाई मात्र केली नाही. म्हणाले, "आमच्या न्येरीकडच्या भाषेत, किकुयूत, याला एक शब्द आहे. रोमेरेरा."

मी म्हटलं, "म्हणजे मागे जाणं?"

"मागे जाणं हा त्यातला एवढासा भाग." त्यांनी बोटाचं पेर दाखवलं. "शेळ्या पाण्यावर जातात आणि राखणारा मागून जातो, ते रोमेरेरा. पायवाट धरून चालायचं, ते पण तेच. बाप सांगतो तसं वागायचं, तेही. सोमवारच्या मागून मंगळवार येतो, तेही. मिशनच्या शाळेत येशूच्या शिष्यांना शब्द होता, तोही ह्याच्यातूनच आलेला. मागे राहायचं, धरून राहायचं आणि सोडायचं नाही."

"आपल्याकडे आहे ना, पाठलाग."

"पाठलाग पोलीस करतात. कुत्री करतात. आपल्याकडे माणूस दुसऱ्याच्या मागे लागतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं." मग म्हणाले, "आणि कोणाला बरोबर न्यायचं असेल तर त्याला म्हणायचं, नोमेरेरा. माझ्या मागून ये."

"तुम्ही म्हणता का असं कोणाला?"

"मी कसा म्हणणार? त्यासाठी पुढे असावं लागतं. मला म्हणायचे लोक. आता कोणी नाही म्हणत. इथे कोणाला येते ती भाषा?"

पुढे बऱ्याच वर्षांनी मी एका कोशात तो शब्द पाहिला. लिहितात वेगळा, पण उच्चार काका करायचे तसाच असावा असं वाटतं. अर्थ दिला होता एका ओळीत: मागून जाणे, अनुसरणे. सोडायचं नाही, हा अर्थ तिथे नव्हता. तो शब्दाचा की काकांचा, हे मला सांगता येणार नाही.

घरात मात्र त्यांनी त्या शब्दाचा अगदी चोथा केला होता. सून ताटात आमटी वाढायची आणि भातासाठी थांबायची, तर काका म्हणायचे, "रोमेरेरा, रोमेरेरा." रक्तदाबाची गोळी जेवणाला रोमेरेरा. चहाला खारी रोमेरेरा. सून एकदा मला म्हणाली, "आमच्या घरात एवढं एकच क्रियापद उरलंय. पूर्वी पुष्कळ होती."

काका हसले. त्यांना कोणी चिडवलं की बरं वाटायचं. मुलगा आणि सून दोघेही नोकरीला, नातू शाळेत, दिवसभर घर बंद, आणि घरातली मराठी संध्याकाळी साडेसातनंतर सुरू व्हायची. त्यांची स्वतःची मराठीही चौथ्या नंबरची होती, असं ते म्हणत. लहानपणी दुकानात गुजराती, शाळेत इंग्रजी, आईपाशी मराठी आणि बाकी सगळीकडे किकुयू.

आता पिंजरेवाल्यांबद्दल लिहायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्यांच्यामुळे झालं.

आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये एक चिनी म्हातारे एकटे राहायचे. होल्यासारखा एक पक्षी त्यांनी पाळला होता, इथे त्याला मर्बोक म्हणतात. रोज सकाळी पिंजऱ्यावर कापड घालून ते पासिर रिसच्या बाजूला चालत जायचे. तिथे एका ब्लॉकखाली पिंजरे टांगायला उंच खांब लावलेत. पक्षी वर घुमतात आणि म्हातारे खाली कॉफी पितात. वाटेत एक मोठा रस्ता लागतो. काका रोज त्यांच्या मागून जायचे, एक खांब मागे, आणि त्या सिग्नलपाशी नाडी बांधायचे.

असं बरेच महिने चाललं. मग एके सकाळी सिग्नल हिरवा झाला आणि पिंजरेवाले गेले नाहीत. ते मागे वळून उभे राहिले. काका वाकलेलेच होते. नाडी बांधून झाली, परत सोडून परत बांधली, तरी ते थांबलेलेच. शेवटी काका उठून त्यांच्याजवळ गेले. पिंजरेवाल्यांनी पुन्हा बटण दाबलं आणि दोघांनी रस्ता ओलांडला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी काकांसाठी कॉफी मागवली.

पिंजरेवाले हाइनानी बोलायचे. ती इथल्या चिनी लोकांतही थोड्यांनाच येते, आणि त्यांच्याशी ती बोलणारं त्यांच्या ब्लॉकमध्ये कोणी उरलं नव्हतं. पूर्वी ते जहाजावर कुक होते, त्यामुळे मोडकंतोडकं इंग्रजी यायचं. काकांनी एकदा त्यांना केनियातल्या बंदराचं नाव घेऊन विचारलं, "मोम्बासा?" त्यांनी मान हलवली. तेव्हापासून काकांची खात्री झाली की त्यांचं जहाज मोम्बासाला गेलं होतं. माझ्या पाहण्यात मात्र ते कशालाही मान हलवायचे.

एकदा बाजारातून येताना मी त्यांना बाकावर बसलेलं पाहिलं. पिंजरेवाले हाइनानीत काहीतरी लांबलचक सांगत होते, हातानं कढई परतल्यासारखं करत. त्यांचं झाल्यावर काका किकुयूत बोलायला लागले. तेही लांबलचक. एकाचं दुसऱ्याला काही कळत नव्हतं आणि कोणाला घाई नव्हती. मी तिथे थांबले नाही. दोघांच्या खासगी बोलण्यात आपण उभे आहोत असं वाटलं.

त्या संध्याकाळी काका आमच्याकडे चहाला आले. नेहमीसारखे दारात थांबले, मी आत गेल्यावर आत आले. खुशीत होते.

"आज तो मला काय म्हणाला माहीत आहे? सिग्नलला वळून म्हणाला, नोमेरेरा. मी शिकवलं नव्हतं. कधी बोलता बोलता ऐकलं असेल."

"त्यांना अर्थ माहीत आहे?"

"माहीत नसता तर रस्ता ओलांडताना कशाला म्हणाला असता?" काकांनी कप खाली ठेवला. "पन्नास वर्षं झाली मला कोणी असं म्हणून."

मग त्यांनी ते सांगितलं. त्यांच्या घरी एक किकुयू बाई कामाला होती. काका शाळेत जायला लागले तेव्हा ती सोडायला यायची आणि मागून चालायची. मूल पुढे असलं की दिसतं, मागे असलं की कुठे भरकटलं ते कळत नाही. फक्त ओढा लागला की ती पुढे व्हायची आणि म्हणायची, नोमेरेरा. काका तेरा-चौदा वर्षांचे झाले तेव्हा त्यांना लाज वाटू लागली. त्यांनी तिला सांगितलं, येऊ नकोस, मुलं हसतात. ती यायची थांबली नाही. लांबून यायला लागली. रस्त्याच्या कडेनं तारेचे खांब होते. एक खांब मागे, म्हणजे मुलांना वाटावं की बाई आपल्या कामाला चाललीय.

"तेव्हा इंग्रजांनी तिकडे आणीबाणी लावली होती," काका म्हणाले. "किकुयू लोकांच्या झोपड्या मोडून त्यांना काटेरी कुंपणाच्या आतल्या वस्त्यांत नेलं. एक दिवस शाळेतून येताना मी मागे पाहिलं, तर रस्ता रिकामा. मला वाटलं उशीर झाला असेल. मी खांबापाशी थांबलो. मग पुढच्या खांबापाशी थांबलो. असा घरी आलो."

"नंतर कळलं का काही?"

"वडिलांनी विचारपूस केली. मग त्यांनी मला पुण्याला काकाकडे पाठवून दिलं." त्यांनी कप पुन्हा उचलला. "एकटा माणूस रस्त्यानं चालला असला की मला वाटतं, ह्यानं मागे पाहिलं तर? कोणीतरी दिसायला हवं. मी दिसलो तर मी."

तक्रार झाली ती यानंतर काही महिन्यांनी. पिंजरेवाल्यांच्या ब्लॉकमध्ये नवीन राहायला आलेल्या कोणीतरी कळवलं की एक भारतीय म्हातारा एका एकट्या म्हाताऱ्यावर पाळत ठेवतोय. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही कळवलं असतं. लिफ्टपाशी चोरांपासून सावध राहायच्या पाट्या होत्या आणि खिडकीतून जे दिसत होतं ते तसंच दिसत होतं.

दुपारी आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दोन पोलीस आले. काका बाकावर बसले होते. मी वरून पाहिलं आणि खाली गेले. मुलाला ऑफिसातून बोलावलं होतं, तो गळ्यातलं कार्ड न काढताच आला होता.

त्यांतला एक पोलीस तरुण होता, बोलायला नम्र. "अंकल, व्हाय यू फॉलो पीपल?"

काकांना इंग्रजी उत्तम यायचं, पण ते काही बोलेनात. मुलगा मराठीत म्हणाला, "बाबा, सांगा ना काहीतरी. आमचा इथे कायम राहायचा, पीआरचा अर्ज आत आहे. तुमच्या पासची मुदत संपत आलीय. आत्ता असलं काही नोंदलं गेलं तर सगळ्यांनाच परत जावं लागेल."

"मी काय चोरलं?"

"चोरलं कोण म्हणतंय? पण लोकांच्या मागे मागे फिरता, याला काय म्हणायचं?"

"रोमेरेरा म्हणायचं," काका म्हणाले.

"व्हॉट्स दॅट?" पोलिसानं विचारलं. मुलानं कपाळाला हात लावला.

मी पुढे होऊन सांगितलं की मी यांना ओळखते, ते रोज फिरायला जातात, त्यांनी कधी कोणाला त्रास दिलेला नाही. पोलिसानं विचारलं, मॅडम, कधी म्हणजे किती वेळा पाहिलंय तुम्ही? मी म्हटलं, मी मोजलेलं नाही. खरं तेच सांगितलं, पण त्यानं काकांचं काही भलं झालं नाही.

मग दुसरा पोलीस पिंजरेवाल्यांना घेऊन आला. पिंजरा त्यांच्या हातात होता, कापड अर्धवट घातलेलं.

"अंकल, यू नो धिस मॅन?"

"नो," पिंजरेवाले म्हणाले. मुलाचा चेहरा पडला. पण त्यांच्या इंग्रजीत हा 'नो' नकाराचा नव्हता, 'माहीत आहे'चा होता, हे पुढच्या वाक्यात कळलं. "एव्हरी डे ही वॉक माय बॅक. लाँग टाइम ऑलरेडी."

"व्हाय ही फॉलो यू?"

पिंजरेवाल्यांनी विचार केला. "आय वॉक फ्रंट. सो ही वॉक बॅक लाह. ही व्हेरी स्लो. ट्रॅफिक लाइट, आय वेट फॉर हिम."

दोघे पोलीस एकमेकांकडे पाहून हसले. नम्र पोलिसानं वही मिटली. म्हणाला, तक्रार मिटली, पण अंकल, शेजारी शेजारी चाला. "वॉक टुगेदर, कॅन? देन नोबडी स्केअर्ड." ब्लॉकमधल्या कोणाच्याच मागून जाऊ नका, असंही त्यानं सांगितलं. मुलगा पुन्हा पुन्हा 'थँक यू' म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी दोघे शेजारी शेजारी चालले. मी खिडकीतून पाहत होते. पायवाट अरुंद, त्यात मधे पिंजरा. पिंजरा कोणत्या बाजूला धरावा हे पिंजरेवाल्यांना ठरवता येईना. काका गवतात उतरत, परत वर येत. दोघेही समोर पाहून चालत होते, शाळेत शिक्षा झालेल्या मुलांसारखे. पक्षीही बहुधा हिंदकळत असावा. पहिल्या वळणाशी पिंजरेवाले थांबले, काकांना काहीतरी म्हणाले आणि पुढे निघाले. काका उभे राहिले. त्यांनी एक खांब जाऊ दिला, मग निघाले.

ते ऑफिसच्या बसमधून मुलानं पाहिलं.

त्या आठवड्यात तो आमच्याकडे आला. "वहिनी, आज मिटलं. उद्या दुसरं कोणी तक्रार करेल. तेव्हा त्यांना साक्ष द्यायला असा माणूस कुठून आणू? माझी पुण्याची ताई म्हणतेय, इकडे पाठव." त्यानं चहाचा कप जवळ ओढला. "मला तरी कुठे आवडतंय? संध्याकाळी दार उघडल्यावर आत दिवा लागलेला असतो. ते असतात म्हणून."

"त्यांना विचारलंस का?"

"विचारलं. म्हणाले, तू म्हणशील तसं. त्यालापण तोच शब्द आहे म्हणे."

पिंजरेवाल्यांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. काका म्हणाले, मी सांगतो. चांगीची विमानं आमच्या डोक्यावरूनच जातात. एका सकाळी बाकावर बसून त्यांनी वर विमान दाखवलं, मग स्वतःकडे बोट केलं. पिंजरेवाल्यांनी मान हलवली. काका समाधानानं मला सांगायला आले.

विमानतळावर आम्ही सगळे गेलो. नातवानं आणि माझ्या मुलीनं त्यांची बॅग ढकलली. पासपोर्ट तपासायच्या काचेच्या दारापर्यंतच आम्हाला जाता येत होतं, पुढे फक्त प्रवासी. काका बाजूला सरकून उभे राहिले. सवयीनं म्हणाले, "चला, तुम्ही व्हा पुढे."

"बाबा," मुलगा म्हणाला, "आता तुम्हीच."

ते दाराकडे पाहत राहिले. आम्हाला सगळ्यांना दिसत होतं की त्यांना जाता येत नाहीये. मागे आम्ही आणि पुढे कोणी नाही, असं त्यांना कधी चालावं लागलं नव्हतं. मुलगा घड्याळ बघत होता, पण घाई करा असं म्हणाला नाही.

मग एक एकटे सरदारजी आले. वयस्कर, खांद्याला पिशवी, गुडघे दुखत असावेत असे चालत. ते आत गेले. काकांनी बुटाच्या नाड्यांकडे एकदा पाहिलं, सरदारजींना थोडं पुढे जाऊ दिलं आणि त्यांच्या मागून निघाले. मागे वळून पाहिलं नाही. काच असल्यामुळे पुष्कळ लांबपर्यंत दोघे दिसत होते.

पुण्याहून त्यांचा एकदाच फोन आला. म्हणाले, "इथे चालतंच कोणी नाही गं. सगळे स्कूटरवर. मागून जायचं तर रिक्षा करावी लागेल." मी हसले. तेही हसले. मग फोन आधी ठेवायचा कोणी, हे दोघांना ठरवता येईना. शेवटी ते म्हणाले, "तू ठेव आधी."

ते पुण्याला गेल्यावर मी सकाळी खिडकीतून बांबू सरकवायची वेळ बदलली. उशिरा कपडे वाळत घालू लागले. खाली पाहायचं नव्हतं म्हणून.

पुढे एके दिवशी मात्र लवकर बाजारात जावं लागलं. नवरा नेहमीप्रमाणे बाहेर होता, मुलगी शाळेच्या सहलीला गेलेली. घराबाहेर पडायला मला कोणी सांगितलं नव्हतं आणि परत यायला कोणी वाट पाहणार नव्हतं. मोठ्या रस्त्याच्या सिग्नलपाशी आले तर पिंजरेवाले उभे होते. पिंजऱ्यावर कापड. सिग्नल हिरवा झाला. ते गेले नाहीत. लाल झाला. त्यांनी बटण दाबलं. पुन्हा हिरवा झाला, तरी ते मागे, आमच्या ब्लॉककडे बघत उभे.

मी आधीच्या खांबापाशी थांबले. त्यांना सांगायला हवं होतं. मी विमान दाखवायला वर पाहिलं, पण आभाळ त्या वेळी रिकामं होतं. इंग्रजीत म्हटलं, "अंकल, ही वेंट होम. इंडिया." त्यांनी मान हलवली.

मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्या दुपारी पोलिसांपाशी उभी असलेली बाई, हे त्यांना आठवलं असावं. त्यांनी पुन्हा एकदा बटण दाबलं. सिग्नल हिरवा झाला तेव्हा त्यांनी पिंजरा उचलला, मान वळवली आणि म्हणाले, "नोमेरेरा."

बाजार दुसऱ्या बाजूला होता. मी पिशवी खांद्यावर सारखी केली. त्यांना रस्ता ओलांडू दिला, पलीकडचा एक खांब जाऊ दिला, आणि निघाले.